दोन जुन्या बोटी आणि एकाच बाजूचा नवा रंग

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे. वर्कशॉप बंद करून घरी आलो, जेवायला बसलो आणि लहान भावाचे लागोपाठ दोन फोटो आले, खाली एकच ओळ, "दादा, यातली कोणती घेऊ?" तो मिनेसोटात राहतो, मिनिआपोलिसच्या पश्चिमेला, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे दुपारचे बारा. त्या राज्यात दहा एकरांपेक्षा मोठे ११,८४२ तलाव मोजलेले आहेत, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी स्कूटर तशी तिकडे बोट, आणि त्याला फॅमिलीसाठी जुनी टो बोट घ्यायची होती, म्हणजे मागे दोरी बांधून हवा भरलेली ट्यूब वर बसलेल्या पोरांसकट ओढता येईल, पोरांना स्की शिकवता येईल आणि रविवारी सगळे मिळून पाण्यावर जाता येईल अशी.

मी बोटवाला नाही. माझं नागपुरात इंजिनचं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली हेड उघडतोय, बोअर करतोय, क्रँक पाहतोय. पण अशा बोटीतलं इंजिन शेवटी बहुतेक गाडीचंच असतं, जनरल मोटर्सचा ब्लॉक, म्हणजे इंजिनचं बिडाचं धड, घेऊन त्याला पाण्यावर चालण्यासारखा बदललेला, म्हणून त्याने मला विचारलं. आणि दुसरं कारण म्हणजे जूनमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार होते, म्हणजे त्या बोटीत माझे आई-बाबा बसणार होते, त्यामुळे हा प्रश्न मला माझ्याच घरचा वाटला आणि पुढचे दहा दिवस आम्ही रोज रात्री व्हिडिओ कॉलवर हेच केलं.

पहिली बोट १९९९ ची, वीस फुटी, अस्सल स्की बोट. इंजिन बरोबर मध्यभागी, ५.७ लिटरचं व्ही-एट, त्याचा शाफ्ट सरळ खाली तळातून बाहेर जातो आणि बोट ढकलणारा पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या टोकापासून बराच आत. याला डायरेक्ट ड्राइव्ह इनबोर्ड म्हणतात. निळा चमकता रंग, वर ओढायची दोरी बांधायचा अ‍ॅल्युमिनियमचा टॉवर, स्पीकर, नव्या शिवलेल्या सीट. किंमत १४,५०० डॉलर. भाऊ हिच्या प्रेमात पडला होता, ते त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

दुसरी २००१ ची, एकोणीस फुटी बाउरायडर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागातही बसायला सीट असतात ती. इंजिन मागे, ४.३ लिटरचं व्ही-सिक्स, १९० हॉर्सपॉवर, आणि मागच्या भिंतीतून बाहेर आलेला ड्राइव्ह, त्यालाच पंखा. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. रंग पांढरा, उन्हाने पिवळसर पडलेला, दोन सीट फाटलेल्या. किंमत ९,८०० डॉलर.

मी त्याला म्हटलं इंजिन नंतर पाहू, आधी एका कागदावर लिही की या उन्हाळ्यात बोटीत कोण कोण बसणार, कितीदा आणि काय करणार. त्याला ते उगाच वाटलं, पण लिहिल्यावर चित्र बदललं. तो, बायको, बारा वर्षांची पुतणी, आठ वर्षांचा पुतण्या, आई-बाबा, आणि बहुतेक रविवारी शेजारचं एक जोडपं, म्हणजे आठ माणसं. स्की करणारा प्रत्यक्षात एकटा तो, पोरांना ट्यूब हवी, पुतणीला मैत्रिणींसारखं वेकसर्फिंग करायचं होतं, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहून घसरायचं, आणि आईला फक्त बसायचं होतं, तिचे गुडघे दुखतात, तिला एक पायरी चढायची तरी धरायला काहीतरी लागतं.

स्की बोटीत मध्ये इंजिनचा डबा असतो, गुडघ्याच्या वर येतो, पुढून मागे जायचं तर त्याच्या बाजूने चिंचोळ्या जागेतून जावं लागतं आणि तो चालून चालून गरमही होतो. बाउरायडरमध्ये मधला रस्ता मोकळा. पण स्की बोटीवर अन्याय नको, ज्या कामासाठी ती बनवलीय त्यात तिला तोड नाही. तळ सपाटसर, मागे उठणारी लाट बारीक आणि मऊ, नाकासमोर सरळ रेषेत धावते, स्की करणाऱ्याला याहून चांगलं काही नाही. (वॉटर स्कीइंगचा जन्मच मिनेसोटातला, १९२२ मध्ये लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने पायाला लाकडी फळ्या बांधून ते पहिल्यांदा जमवलं.) पण तोच सपाट तळ पाणी खवळलं की धपाधप आपटतो. भाऊ जिथे जाणार तो लेक मिनेटोंका, शनिवार-रविवारी शेकडो बोटी, चहूबाजूंनी लाटा.

हे ऐकून बाबा मध्ये बोलले. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, आयुष्य धरणांवर गेलं. म्हणाले, "खिंडसी तलावाला सकाळी पाणी कसं आरशासारखं असते, अन् दुपारी वारा सुटला की तेच पाणी नाव हलवून सोडते, त्याला विचार ना तो किती वाजता जाणार आहे." विचारलं तर उत्तर आलं, दुपारी दोननंतर, कारण पोरांचे क्लास. म्हणजे पाणी खवळलेलंच मिळणार. बाउरायडरचा तळ इंग्रजी व्ही सारखा खोल, तो लाट कापत जातो. एक मुद्दा तिच्या बाजूने गेला.

मग पंख्याचा मुद्दा, आणि इथे मी स्वतः दोन रात्री अडकलो. इनबोर्डचा पंखा पोटाखाली, मागे पोहणाऱ्या पोरापासून लांब. स्टर्नड्राइव्हचा पंखा मागच्या शिडीच्या जवळ, उघडा. लहान पोरं पाण्यात उतरणार असतील तर माझ्या मते इनबोर्ड जास्त सुरक्षित, यात मला शंका नाही. आणि वेकसर्फिंगमध्ये तर माणूस बोटीच्या मागे अगदी दहा फुटांवर, बिना दोरीचा, म्हणून स्टर्नड्राइव्हमागे ते करायचंच नाही, कधीच नाही. पुतणीला हे मी स्वतः सांगितलं. ती रडवेली झाली. मी तिला ड्राइव्हचा फोटो झूम करून दाखवला, पंख्याची पाती दाखवली, ती गप्प झाली, पण पटलं असं म्हणणार नाही.

दुसरं, धूर. दोन्ही बोटींचा एग्झॉस्ट मागेच निघतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन चालू ठेवून मागच्या फळीवर पाय सोडून बसलेली माणसं बेशुद्ध होऊन पाण्यात पडून मेलेली आहेत तिकडे. त्यामुळे बोट कोणतीही घ्या, इंजिन बंद झाल्याशिवाय मागे कोणी जायचं नाही, हा नियम आम्ही बोट घ्यायच्या आधीच ठरवला.

आईची एकच अट होती, लाइफ जॅकेट. मिनेसोटाचा कायदा दहा वर्षांखालच्या पोरांना चालत्या बोटीत जॅकेट घालायला लावतो, आई म्हणाली सगळ्यांनी घालायचं, मोठ्यांनी पण. २०१७ च्या जुलैमध्ये आपल्या इथे वेणा धरणात बोट उलटून तरुण पोरं गेली, ते तिच्या डोक्यातून अजून जात नाही. तिचं बरोबर आहे. आणि बोटीवर किती माणसं हेही बघायचं, वीस फुटांखालच्या बोटीला तिकडे एक प्लेट लावलेली असते, किती माणसं आणि किती वजन, बाउरायडरच्या प्लेटवर आठ लिहिलेलं होतं, म्हणजे नववा माणूस आला की कोणीतरी काठावर थांबणार.

एवढं बोलून झालं तरी भावाचं मन निळ्या बोटीतच होतं. तो म्हणाला, "दादा, पाहून तर घेऊ." शनिवारी सकाळी दहाला तो तिथे पोचला, इकडे रात्रीचे साडेआठ. मी त्याला सांगून ठेवलं होतं, गेल्या गेल्या हात मिळवायच्या आधी इंजिनला हात लाव. जुनी गाडी विकणारा गिऱ्हाइक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो, हे आपल्याकडेही चालतं, कारण थंड इंजिनच खरं बोलतं. इंजिन कोमट होतं. मालकाने आधीच चालवलेलं होतं.

तरी आम्ही पुढे गेलो. भावाने कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं मीटर, विकत घेतलं होतं, मी कॉलवर, त्याने आठही प्लग काढले आणि एकेक सिलेंडर मोजला. १४८ ते १५५ पीएसआय, आठही सिलेंडर सात पॉइंटांच्या आत. मी खूश झालो. वीस वर्षांहून जुन्या इंजिनला हे आकडे फारच चांगले. ऑइल काढलं तर नवंकोरं, मधासारखं, पाण्याचा दुधी रंग नाही. मी जवळजवळ म्हणालोच की घेऊन टाक.

मग मी त्याला म्हटलं, टॉर्च लावून एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या जाड नळ्यांच्या, खालून ब्लॉकची बाजू दाखव, दोन्हीकडची. उजवी बाजू जुनी, रंग पापुद्रे सुटलेला, कडांना गंज, वयाला शोभेल अशी. डावी बाजू मात्र सफाईदार काळी, नवी. मला ते खटकलं. इंजिन रंगवणारा माणूस एकच बाजू काहून रंगवेल? मी म्हटलं मोबाइल आणखी खाली ने, आरसा असेल तर आरसा धर. त्याच्या बायकोने पर्समधला छोटा आरसा दिला. टॉर्चचा उजेड आरशात, आरशातून ब्लॉकवर, आणि रंगाखाली एक आडवी फुगीर रेघ दिसली, साधारण वीतभर, फ्रीझ प्लगच्या, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या भोकावर बसवलेल्या पत्र्याच्या टोपणाच्या, वरून जाणारी. भावाने नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली राखाडी इपॉक्सी, म्हणजे चीर बुजवायचा घट्ट होणारा लांबी-गोंद.

ब्लॉक फुटला होता. आणि फुटला होता थंडीने.

हे मला नागपुरात बसून कधीच सुचलं नसतं, आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं, इंजिन गरम होऊन हेड वाकलेलं रोज पाहतो, पण पाणी गोठून ब्लॉक फुटलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ अंशांवर आलं तेव्हा आम्हाला जगबुडी वाटली होती. मिनेसोटात शून्याखाली वीस-पंचवीस जातं. यातली बरीचशी बोट इंजिनं गाडीसारखी रेडिएटरवर चालत नाहीत, इम्पेलर नावाचा रबरी पाकळ्यांचा पंप तलावाचंच पाणी आत ओढतो, ते ब्लॉकमधून फिरतं आणि एग्झॉस्टसोबत बाहेर जातं. सीझन संपला की हे पाणी काढावं लागतं. नाही काढलं तर ते गोठतं, गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि बिडाचा ब्लॉक काही फुगत नाही, तो फुटतो. चीर ब्लॉकमधल्या पाणी फिरायच्या पोकळीच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर कॉम्प्रेशन एकदम चांगलं येतं, कारण सिलेंडरला धक्का लागलेलाच नसतो, आणि ऑइलही स्वच्छ राहतं. म्हणजे मी माझ्या धंद्यातल्या सगळ्या टेस्ट केल्या, सगळ्या पास झाल्या, आणि इंजिन तरीही गेलेलं होतं.

मालकाला विचारलं तर तो म्हणाला आधीच्या मालकाने केलं असेल. असेलही, माझा त्याच्यावर आरोप नाही. इपॉक्सी दोन वर्षं टिकेल, कदाचित पाच, किंवा तलावाच्या मधोमध आठ माणसं असताना सुटेल. अर्धा तास भाऊ काही बोलला नाही, गाडीत बसून राहिला. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी म्हटलं ही नाही, कितीही स्वस्त दिली तरी नाही, कारण त्यात आपली आई बसणार आहे.

दुसऱ्या दिवशी पांढरी बोट. इंजिन थंडगार, मालकाने हातही लावू दिला आणि कव्हर स्वतः उघडलं. त्याच्याकडे एक वही होती, दर वर्षी कधी पाणी काढलं, कधी इम्पेलर बदलला, सगळं हाताने लिहिलेलं, आणि ही बोट कधी खाऱ्या पाण्यात गेलेली नाही हेही कळलं, खाऱ्या पाण्याने मॅनिफोल्ड आतून खाल्ले जातात. सुरू करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनच्या जागेतली हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा, चार मिनिटं चालवायचा असतो, पेट्रोलची वाफ तळात साचलेली असेल तर ती बाहेर जावी म्हणून. मालकाने न सांगता घड्याळ लावून चालवला. हे मला त्या वहीइतकंच महत्त्वाचं वाटलं.

कॉम्प्रेशन सहाही सिलेंडरचं १६० ते १६८. ब्लॉक दोन्ही बाजूंनी सारखाच जुना, सारखाच गंजलेला. मला तो गंज पाहून बरं वाटलं.

आता मागची भिंत. तिला ट्रान्सम म्हणतात, जुन्या बोटीत फायबरग्लासच्या आत लाकूड असतं, स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते आतून सडतं, बाहेरून काही दिसत नाही. हे कसं तपासायचं ते मी समजावून सांगत होतो तर मागून आई म्हणाली, "अरे माठ घेताना वाजवून पाह्यतो तसं वाजवून पाह्य ना." अगदी तेच. भावाने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ड्राइव्हच्या भोवती, शिडीच्या स्क्रूंच्या भोवती, बोटभर अंतरावर ठोकत नेलं. आई मोबाइलजवळ कान लावून बसली. टक टक टक टक, सगळीकडे एकच आवाज, कुठे भदभद नाही. आई म्हणाली, "पक्का आहे." उन्हाळ्यात दर वर्षी दोन माठ घेणारी बाई आहे ती, मी तिच्यावर विश्वास ठेवला.

दोष होतेच. इंजिन चालू करून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं की मागून गुरगुर यायची, ते गिम्बल बेअरिंग, म्हणजे इंजिनपासून ड्राइव्हकडे जाणारा शाफ्ट ज्यात फिरतो ते. ड्राइव्हच्या रबरी बेलोजला, म्हणजे भात्यासारख्या घड्यांच्या नळ्यांना, घड्यांमध्ये भेगा, ते फाटले की पाणी सरळ बोटीत. ट्रेलरच्या टायरवर शेवटचे चार आकडे २३१४, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, रबर दगड झालेलं. पण हे सगळं दिसणारं, मोजता येणारं, बदलता येणारं. तिथल्या मेकॅनिकने बेलोज, बेअरिंग आणि इम्पेलर मिळून १,२०० डॉलर सांगितले, तो कागद भावाने मालकासमोर ठेवला, भांडण नाही, ओढाताण नाही, ८,६०० ला सौदा झाला. त्याआधी पाण्यात उतरवून वीस मिनिटं चालवली, टेंपरेचरचा काटा १६० फॅरनहाइटच्या आसपास स्थिर, गाडीच्या हिशोबाने थंड पण अशा इंजिनाला तेवढंच असतं, आणि परत आल्यावर तळातली बिल्ज स्पंजने पुसून पाहिली, स्पंज कोरडा.

जुलैमध्ये एक अडचण आली. आठ माणसं बसली की बोट नाक वर करून बसायची, पाण्यावर सपाट धावायला लागायला खूप वेळ घ्यायची, आणि फुल थ्रॉटलला आरपीएम ४,००० च्या पुढे जाईना. या इंजिनला ४,४०० ते ४,८०० हवे. भाऊ घाबरला की इंजिन कमजोर आहे. मी पंख्याचा नंबर विचारला, पिच २१ निघाला, म्हणजे एका फेऱ्यात हिशोबाने एकवीस इंच पुढे. गाडी टॉप गिअरमध्ये उचलण्यासारखं झालं ते. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात, त्याने १९ चा लावला, आठ माणसांनिशी ४,३५० च्या वर गेली आणि ट्यूब ओढताना झटक्यात उचलायला लागली. वरचा वेग थोडा गेला, तो कोणाला नकोच होता.

आईचा फोटो आला, मागच्या सीटवर, केशरी जॅकेट साडीवरून घातलेलं, एक हात कडीला धरलेला. बाबा पुढे बसायचे, वाऱ्याकडे तोंड करून. पुतण्या ट्यूबवरून पडला की आधी हात वर करायला शिकला, म्हणजे ठीक आहे. पुतणीचं सर्फिंग राहिलंच, दोनदा मैत्रिणीच्या घरच्या इनबोर्डमागे करून आली, आणि आपल्या बोटीत का नाही हे अजूनही तिला टोचतं. ती तक्रार मला मान्य आहे, चांगल्या ब्लॉकची निळी बोट मिळाली असती तर ती तक्रार राहिली नसती, पण आईला त्या डब्याच्या बाजूने चालावं लागलं असतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, थंडी पडायच्या आधी, आम्ही परत कॉलवर बसलो. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे दोन प्लग, दोन मॅनिफोल्डचे दोन, आणि पंपाची एक नळी. डाव्या बाजूचा प्लग काढला तर पाणी आलंच नाही. भाऊ म्हणाला, रिकामं दिसतंय. मी म्हटलं, थांब, तार घाल. त्याने हँगरची तार वाकवून भोकात फिरवली, आधी गंजाचा चिखल आला, मग पिवळट पाण्याची धार सुटली, जवळजवळ तांब्याभर. निळ्या बोटीत बहुतेक हेच राहून गेलं असेल. मग गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं पाणी, आत ओतलं आणि पुतणीने चारही प्लग मोजून एका झिपच्या पिशवीत टाकले, पिशवी स्टिअरिंगला बांधली, म्हणजे वसंतात ते लावल्याशिवाय कोणी चावी फिरवणार नाही.